तेल पाजलेली क्यू

पूल खेळायची काठी, म्हणजे क्यू, लाकडाची बरी की कार्बन फायबरची, हा विषय माझ्यासमोर काढूच नका. डोकं फिरतं.

गंगाखेडच्या आमच्या पूल पार्लरमध्ये माधव मला रोज डिवचायचा, "सर, कार्बन वाकत न्हाई. लाकूड सोडा आता." एकदा मी चिडून सगळ्यांसमोर बोलून बसलो, "पाथरीवाल्यांना लाकडानंच हरवून दाखवतो!" मी पडलो बातमीदार, दिलेला शब्द मागे घेता येत नाही. पाथरीच्या पार्लरमधल्या खेळाडूशी सामना ठरला.

आदल्या दिवशी माधवच्या घरी चहाला गेलो आणि क्यू तिथंच विसरलो. सकाळी आणायला गेलो, तर क्यू अंगणात भर उन्हात भिंतीला टेकवलेली. हातात घेतली तर तेलकट, डोळ्यासमोर धरली तर वाकडी!

माधवचे वडील जन्मभर मेंढरं राखलेले. कौतुकानं म्हणाले, "लय कोरडी पडली होती. करडीचं तेल पाजलंय. आता कुणाच्या बी टकुऱ्यात घाला, मोडायची न्हाई."

"अहो काका, हिनं टकुरी फोडायची नसतात!"

"मग एवढी जपता कशापायी?"

माधव मागं उभा राहून दात काढत होता. त्यानं आपली कार्बनची क्यू माझ्या हातात दिली. दुसरा इलाज नव्हता.

सामना मी जिंकलो. चुरशीचा, घाम काढणारा. शेवटचा बॉल पडला, तसा पाथरीचा गडी हात पुढं करून आला. मीही हात पुढं केला. त्यानं हाताऐवजी ती कार्बनची क्यूच धरली आणि विचारलं, "कुठून घेतली ओ, सर?"