गाळलेले ऑइल

थोरला : उघडायचाच कशाला म्हणतो मी! जुना गिअरबॉक्स अख्खा उतरवा आणि हा चढवा. टेम्पो करून आणलाय. भंगारातला असला तरी अस्सल आहे.

मेकॅनिक : सुतारदादा, आपण तसदी घेतलीत, हे उत्तमच झाले. परंतु दुरुस्त करावा की बदलावा, हे पोटात काय आहे ते पाहिल्यावाचून ठरवणे, म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

थोरला : झालं, वस्तादांचं प्रवचन सुरू!

धाकटा : बोलू दे रे दादा त्यांना. सोमवारी सकाळी सहाला मला चार पेशंट डायलिसिसला न्यायचेत. गुरुवारी पुलावर गाडी बंद पडली, तेव्हा मागे बसलेल्या आजी काय म्हणाल्या ठाऊक आहे? "बाबा, आज पोचले नाही तर काय होतं, ते मला माहीत आहे." त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून द्यावं लागलं. तसं पुन्हा नको. वस्ताद, एकच सांगा, भरवसा कशाचा जास्त?

मेकॅनिक : भरवशाचेच सांगतो. दुसऱ्या गिअरचे तीन दाते तुटले आहेत, एक बेअरिंग गेले आहे. बाकी सर्व शाबूत. त्यामुळे दुरुस्ती...

थोरला : दाते तुटलेत, हे तुम्हाला कसं कळलं? उघडलात?

मेकॅनिक : काल दुपारी.

थोरला : काल सकाळी फोन करून सांगितलं होतं ना मी, हात लावू नका म्हणून!

धाकटा : तू फोन केला होतास? मला नाही बोललास.

थोरला : तुझी उगाच मजुरी जाऊ नये म्हणून.

मेकॅनिक : फोन आला, हे खरे. गाडीच्या मालकाचा आला नाही, हेही खरे.

धाकटा : जाऊ द्या ते. दाते तुटले कशाने?

मेकॅनिक : आमच्या गॅरेजचा एक रिवाज आहे. निघालेले ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून घेतल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. गाळावरून झीज कुठली, ते समजते. हे कापड पाहावे.

धाकटा : चिखल आहे की काय हा?

मेकॅनिक : रॉकेलमध्ये धुऊन वाळवला आहे. बोटांत चोळून पाहावा.

धाकटा : हा... लाकडाचा भुसा आहे.

मेकॅनिक : होय. बारीक चाळलेला. घरघरणाऱ्या गिअरबॉक्सात ऑइलबरोबर असा भुसा घातला, की दात्यांचा आवाज दबतो. दोन-तीन महिने गाडी मुकाट चालते. तेवढ्यात गिऱ्हाईक...

धाकटा : ठाऊक आहे मला, वस्ताद. ते नका सांगू.

थोरला : जगातला सगळा भुसा काय माझ्याच दुकानात पडतो?

धाकटा : मी तुझं नाव कुठे घेतलं?

(मेकॅनिक स्वच्छ असलेला पाना पुन्हा पुसू लागतो.)

थोरला : तिघांनी बघून नाकारली होती रे गाडी. कान लावायचे आणि निघून जायचे. मग तूच म्हणालास, घरातली गाडी घरात राहू दे, मी घेतो.

धाकटा : भुसा कधी घातलास? मी घेतो म्हणण्याआधी, की नंतर?

थोरला : आता त्यानं काय फरक पडतो?

धाकटा : आधी की नंतर, दादा?

थोरला : नंतर.

धाकटा : म्हणजे माझ्यासाठीच.

थोरला : तू तरी कुठला मोठा हरिश्चंद्र लागून गेलास? आपली पहिली गाडी त्या शाळामास्तरांना विकली, तेव्हा भुसा कोणी चाळून दिला होता? आईची पिठाची चाळणी आणून?

धाकटा : मी.

थोरला : आणि दोन महिन्यांनी ते दाराशी आले, तेव्हा आतून कडी कोणी लावली?

धाकटा : तीही मीच. तोंडावर हात ठेवून हसलोसुद्धा.

थोरला : मग! मला वाटलं, हा तर जाणकार. चालवून बघेल, ओळखेल, दोन शिव्या हासडेल. तू चालवूनसुद्धा बघितली नाहीस!

धाकटा : मास्तरांनी बघितली होती. चांगली दोन वेळा फिरवून आणली होती. परक्याकडून घेताना माणूस कान लावतो, दादा. तू किल्ली दिलीस, मी खिशात घातली.

थोरला : चुकलो, बस? म्हणूनच तर हा आणलाय. बसव आणि विषय मिटव. आईच्या कानावर जायला नको.

धाकटा : वस्ताद, हा दुसरा आतून पाहिलात?

मेकॅनिक : नाही. आणणाऱ्यांचे म्हणणे, की उघडू नये.

धाकटा : मग त्याला हातच लावू नका. आमचा आहे तोच दुरुस्त करा. दुसरा गिअर नवा घाला, बेअरिंग घाला. झाकण लावताना मला बोलवा, मी समोर उभा राहीन.

थोरला : माझ्यावर इतकाही विश्वास नाही?

धाकटा : टेम्पो थांबलाय बाहेर. उगाच खोळंबवू नकोस त्याला.

थोरला : उद्या रविवार आहे. जेवायला येशील ना? आई वाट बघेल.

धाकटा : आईला सांग, गाडी उघडून ठेवलीय.

थोरला : बरं. येतो मी.

मेकॅनिक : गेले. आपली परवानगी असेल तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. उद्या सायंकाळपर्यंत गाडी निश्चित देईन. परंतु नवे दाते जुन्यांबरोबर रुळेपर्यंत, महिनाभर तरी, घरघर होत राहील. आपले पेशंट घाबरतील.

धाकटा : त्यांना मी सांगेन कसला आवाज आहे ते. तीन महिने गाडीतून चकार शब्द आला नाही, वस्ताद. घाबरायला हवं होतं ते तेव्हा.