एका शब्दाचे तिप्पट

कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. पायाशी लोकरीच्या टोप्यांची खोकी.

“वहिनी, रागावू नका. टोप्यांवरच्या चिठ्ठीत तुमची ओळ बदललीय.”

“तिप्पट पैसे घेणारा छापखाना धरलास, वर माझी ओळही मोडली? कोपऱ्यावरच्यानं आहे तशी छापली असती!”

“तेच तर! म्हणा बघू ती ओळ.”

“‘ऊब विणू, माया घालू, लहानथोरां टोपी घालू.’ गोड नाही?”

“गोडच. पण छापखान्यातल्या बाईंनी यंत्र थांबवून फोन केला. म्हणाल्या, ‘ताई, गिऱ्हाइकाला टोपी घालणार, असं स्वतःच सांगताय?’”

“अगं बाई! दोन हजार टोप्यांवर? त्या मोठ्या दुकानानं पहिलीच ऑर्डर तोंडावर फेकली असती गं!”

“वाचलो, वहिनी.”

“म्हणजे महाग तेच चांगलं म्हणायचं?”

“छे! तो महागडा फोटोवाला आठवा, टोप्या सोडून खिडकी टिपून गेला. या बाई छापण्याआधी वाचतात, त्याचे पैसे.”

“आता काय छापलंय?”

“‘ऊब विणू, माया घालू, थंडीलाच टोपी घालू.’”

“…एकाच शब्दाचे तिप्पट?”

“एकाच.”

“स्वस्तात सुटलो गं.”