कव्हरवरचा पाळणा

(इंदिरानगर, नाशिक, १९९८. फैजानचं कॉम्प्युटरचं दुकान. लग्नपत्रिका, लेटरहेड आणि आज एका कॅसेटचं कव्हर. स्क्रीनसमोर दोन जावा, छाया आणि धाकटी सुवर्णा. सुवर्णाच्या मांडीवर तिचा आठ महिन्यांचा साई.)

सुवर्णा : ते समदं छान हाय. रंग बी छान. पण ह्याच्यात बाळ कुठंय?

फैजान : नाहीच ठेवलं, वहिनी. मी फोटो काढायला आलो तेव्हा तुम्ही याला डोस द्यायला नेलं होतं. म्हटलं बरंच झालं, रडारड नाही. नुसता पाळणा, मागे खिडकीचा उजेड. बाकीच्या कॅसेटींवर बघा, किती कोंबतात. आपलं जरा मोकळं.

सुवर्णा : मोकळं नाय, रिकामं. बारशाची कॅसेट अन् वर रिकामा पाळणा. कोण घरात घेईल?

फैजान : अरे हां. अम्मी पण ओरडते, खाली झुला मत हिलाओ. पण फोटोतला कुठं हलतोय?

सुवर्णा : फोटोतला तर कायमचाच रिकामा. ताई, तुमाला दाखवला व्हता ना ह्यानं?

छाया : दाखवला होता. गेल्या आठवड्यात.

सुवर्णा : मग?

छाया : मला नाही खटकलं. माझ्या डोळ्यांना सवय आहे.

फैजान : ... चहा सांगू?

छाया : नको. प्रेसवर कधी द्यायचंय?

फैजान : उद्या संध्याकाळी. अंबडला.

छाया : मग सोपं आहे. कॅसेटच्या दुकानाचे यादवशेठ म्हणालेच होते, आई आणि बाळाचा फोटो असला की लोक कॅसेट उचलतात. साईच्या बोरन्हाणातला आहे ना, हलव्याचे दागिने घातलेला. सुवर्णा पण छान आलीय त्यात. तो टाक.

सुवर्णा : माझा? मी कुठं गायलेय?

छाया : कव्हरवर आई हवी. तू आई आहेस. गायचं ते मी आत गायलेय.

सुवर्णा : अन् उद्या कुणी म्हणलं, बाई, दोन ओळी म्हणा? मी गायला लागले की साई झोपलेला उठून बसतो.

छाया : कव्हरला कुणी गा म्हणत नाही.

फैजान : पण नाव, ताई? समोर फोटो वहिनींचा आणि नाव तुमचं, तर लोक यांनाच छाया समजतील.

छाया : नाव आतल्या घडीत टाक. बारीक. तबलेवाल्याच्या शेजारी.

सुवर्णा : तबलेवाल्याच्या शेजारी! घ्या.

छाया : अगं, यादवशेठनं पहिलं काय विचारलं, माहितीये? बाईंना मुलं किती. नाहीत म्हटल्यावर म्हणाला, आवाज गोड आहे हो, पण पाळण्याच्या बाबतीत लोक शकुन बघतात. दुकान त्याचं आहे. त्याला काय बोलू? बारशाला बोलावतात तेव्हा तरी कुठं बसवतात मला? स्वयंपाकघराच्या दारात. तिथून आवाज पोचतो. मला पुरतं तेवढं.

सुवर्णा : साईच्या बारशाला कुठं बसला व्हता?

छाया : तुझ्या शेजारी. ते घरचं होतं.

सुवर्णा : आत्याबाई उठून गेल्या.

छाया : जेवायला आल्या की परत.

सुवर्णा : मी फोटो नाय देणार, ताई. दुसरं काय बी सांगा.

छाया : मग आणायचा कुठून?

सुवर्णा : तुमीच घ्या साईला अन् बसा. माझ्यापेक्षा तुमच्या कडेवर जास्त असतो. आत्ता बी बघा, तुमच्याकडंच झेपावतोय.

छाया : दे इकडे. अरे हो हो, चष्मा सोड... नको गं. साई कुणाचा ते अख्ख्या कॉलनीला माहितीये. मी आई होऊन फोटोत बसले तर खोटं दिसेल.

सुवर्णा : अन् मी गाणारी होऊन बसले तर खरं दिसंल?

फैजान : एक विचारू? बाळाला घालायच्या आधी पाळण्यात काही ठेवतात का तुमच्यात? आमच्याकडे नुसती चादर असते.

सुवर्णा : वरवंटा.

फैजान : मसाला वाटायचा?

सुवर्णा : तोच. बारशाला आधी त्याला कुंची घालायची, तीट लावायची. गोप्या म्हणायचं. दोघी बायका पाळण्याच्या वरनं-खालनं त्याला एकमेकींकडं देतात, मंग बाळाची पाळी.

फैजान : दगडाला टोपडं?

छाया : दगड नाही म्हणायचं. त्या दिवसापुरतं ते लेकरूच. साईच्या वेळी कुंची फार सैल झाली गोप्याला, तर मी आतून रुमाल गुंडाळला. जरा बाळसं दिसायला हवं ना.

सुवर्णा : कॉलनीत कुणाचं बी बारसं असू दे, आदल्या दिवशी वरवंटा ताईंकडं येतो. तीट लावायची तर ह्यांनीच. लय नाजूक लावतात.

छाया : तेवढं काम मला देतात.

फैजान : मग तेच काढू ना. तोच पाळणा, तोच उजेड. आत गोप्या. रिकामा पण नाही आणि कुणाचं बाळ पण नाही. आणि ताई, त्याला आत ठेवताना तुम्ही.

छाया : मी कशाला?

फैजान : हात तर हवेत कुणाचे तरी. नुसता वरवंटा बघून लोक म्हणतील, मसाल्याची जाहिरात आहे.

छाया : यादवशेठ घेणार नाही.

फैजान : नाही घेतली तर इथं काउंटरवर ठेवू. पत्रिका छापायला येतात ते वर्षा-दोन वर्षांत बारशाचं आमंत्रण छापायला येतातच. आणि ऐका, ट्रायलची कॅसेट मी आलिमाला दिली होती. माझी बहीण. तिची पोरगी आता त्याशिवाय झोपत नाही. आलिमाला निम्मे शब्द पण कळत नाहीत. तिनं एवढंच विचारलं, दुसरी बाजू कोरी का आहे. बाईंना मुलं किती, हे नाही विचारलं.

छाया : दुसरी बाजू परवाच झाली म्हणावं. तिच्यासाठी घेऊन जा.

सुवर्णा : चला मग. ह्यानं डोळे चोळायला सुरुवात केली. झोपायच्या आत फोटो उरकू, नायतर त्यालाच पाळणा लागंल. कुंची धुतलेलीच हाय.

फैजान : मी कॅमेरा घेतो. रोल आजच धुवायला टाकतो.

छाया : तोंड दिसलं पाहिजे का रे फोटोत?

फैजान : तुमची मर्जी, ताई. नुसते हात पण घेता येतील.

छाया : ... दिसू दे. चष्मा काढू?

सुवर्णा : राहू द्या. चष्म्याबिगर तुमी कुणीतरी दुसऱ्याच दिसता.

फैजान : आणि एक राहिलं, ते सांगा म्हणजे मी तेवढं टाईप करून ठेवतो. दुकानात कॅसेट उभ्या लावतात. समोरचा फोटो दिसतच नाही, नुसती पाठ दिसते. ही बघा, एवढीशी पट्टी. यावर दोन्ही नाही मावत. 'बारशाचे पाळणे' घेऊ, की तुमचं नाव?

छाया : नाव घे. पाळणे तर सगळ्याच बायका म्हणतात.