दुखत नाही ती जागा

इथं जमलेल्या सगळ्या थोरामोठ्यांना, बाबांच्या शाळेतल्या सर-मॅडमना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना माझा नमस्कार. जळगाव जामोदातली एवढी माणसं भर उन्हाची आपल्यासाठी येऊन बसली, हे बाबांना खरं वाटलं नसतं. मी सुनीता, सरांची मुलगी. खामगावला दवाखान्यात नर्स आहे. मला बोलता येत नाही. बोलणं हे बाबांचं काम. पण माझ्याआधी बोललेल्यांनी माझं कौतुक केलं, म्हणून उठले. सरांची लेक किती कणखर, म्हणाले. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, सगळं स्वतः केलं.

केलं, हे खरं आहे. बाबा गेले तेव्हा मीच त्यांचे डोळे मिटले. हनुवटी बांधली. हात सरळ केले, कारण नंतर ते होत नाहीत. गल्लीतल्या शांताकाकूंनी मला पोटाशी धरलं आणि बाबांचे गुण मोठ्यानं आळवायला लागल्या. आपल्याकडे न रडणाऱ्या बाईला असंच रडवतात. "रड वं माय, रड. नाहीतं छातीत बसते." मी म्हटलं, काकू, जरा सरका, मले कापूस घेऊ द्या. काकू सरकल्या. आणि आईनं माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी ती मला म्हणाली, "तुले काहीच नाही वाटलं का वं?"

त्याचं उत्तर आज देते. पण त्यासाठी बाबांचा एक शब्द घ्यावा लागेल.

इन्ड्युरेट. इंग्रजीच्या तासाचा शब्द, आठवतो ना? तुमच्यातल्या कितीतरी जणांना त्यांनी हा शब्द शिकवला. मीही त्याच वर्गात होते. बाबा अर्थ लिहून देत नसत. म्हणायचे, कठीण होणं, असं पुस्तकात आहे, आता तुमच्या घरातलं सांगा. कोणी म्हणालं, भेंडी निबर होते. बाबा खूश. कोणी म्हणालं, वावरात निंदून निंदून मायचे हात निबर झाले. बाबा अजून खूश. मग मागून एक जण म्हणाला, माह्या बापाचं मन. तेव्हा बाबा थांबले.

"भेंडी मोडून पाहता येते. हात धरून पाहता येते. मन कशानं पाह्यलं बे तू?" आणि मग सगळ्या वर्गाला म्हणाले, दुसऱ्याच्या मनाले हा शब्द लावू नका. स्वतःच्या मनाले लावायचा असला तरी घाई करू नका. कोणीतरी विचारलं, सर, मग कणखर म्हणजे हेच का? बाबा म्हणाले, नाही. कणखर माणसाले दुखते. निबर झालेल्याले दुखत नाही.

पुढे बाबांना साखरेचा आजार झाला. रोज पोटात इन्सुलिनची सुई. बेंबीच्या डावीकडची एक जागा ते धरून बसले होते, दुसरीकडे टोचूच द्यायचे नाहीत. साखर काही केल्या उतरेना. मी सुट्टीवर आले आणि हात लावून पाहिला, तर तिथं टणक गाठ.

"इथंच टोच नं," बाबा म्हणाले. "इथं काही समजत नाही मले."

"म्हणूनच तिथं नाही देत, बाबा. तिथं दुखत नाही अन् औषधबी लागू पडत नाही."

मी जागा बदलली. बाबांनी ओठ आवळले. त्याच दिवशी, सुईच्या आधी, मी त्यांना वॉर्डातली एक गोष्ट सांगितली होती. एक लहान पोर गेलं होतं. मी ते सांगितलं गवार मोडता मोडता, आवाज न हलवता. सुई काढल्यावर बाबा म्हणाले, "सुनीता, तू बी जागा बदलत जाय."

मला तेव्हा ते कळलं नाही. मी हसले.

वॉर्डात माणूस गेलं की माझे हात कामाला लागतात. कापूस, पट्टी, चादर. मी प्रत्येकाचं मरण हातांवरच घेतलं, बाबांच्या पोटावरल्या त्या एका जागेसारखं. बाबांचंही हातांवरच घेतलं. हे कणखरपण नाही, मंडळी. तुम्ही मायेनं म्हणालात, पण ते नाही. आणि मी निबर झाले की काय, या भीतीनं मी हे सगळे दिवस आईच्या समोर जायचं टाळत होते.

काल सकाळी दूध काढायला फ्रीज उघडला. दारात बाबांच्या सुईच्या औषधाची बाटली, अर्धी उरलेली. ती टाकून द्यायला मी हात पुढे केला, तो तसाच राहिला. मला ती उचलता येईना. ह्या हातांना कधी असं झालं नव्हतं. आई, तू विचारलं होतंस ना? वाटलं. फार दुखलं, आई. अजून दुखतंय.

आईला आणि बाबांना मला एवढंच सांगायचं होतं, ते सांगून झालं. आता आपण सगळे दोन मिनिटं त्यांच्यासाठी शांत उभे राहू या. मी मात्र खाली आईपाशी जाऊन बसते. मला रडू येईल असं वाटतंय. कोणी पाणी आणू नका, उगी राहा म्हणू नका. माझं रडणं होऊ द्या.