सात नंबरच्या नळीतली काजळी

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती चिंधीमामा, त्यांना इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या मामी, आपल्या रायफल क्लबचे सारे सभासद, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी दातांची डॉक्टर. ‘पाचच मिनिटं लागतील’ हे वाक्य मी रोज वीस जणांना सांगते, त्यामुळे त्याची खरी किंमत मला ठाऊक आहे.

मामांना चिंधीमामा का म्हणतात हे पाहुण्यांना सांगायला हवं. रायफलमधून गोळी सुटली की दारूची काजळी नळीत बसते. ती काढायला गजाच्या टोकाला कापडाचा तुकडा लावून नळीतून फिरवतात. मामा आपले शस्त्रागारप्रमुख, म्हणजे त्यांच्या प्रत्येक खिशात चिंध्या. विकतचं कापड त्यांना पसंत नाही. मामी म्हणतात, “घरात एक बनियन शाबूत नाही. वाळत घातलेल्या कापडांची मला राखण करावी लागते.” खरं की नाही मामी? बघा, मान हलवताहेत.

तर सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरक्लब स्पर्धा तीन दिवसांवर आलेली आणि मी संघातून बाहेर पडायच्या बेतात. अकरा वर्षं सात नंबरची रायफल चालवत होते मी. पन्नास मीटरवर दहा गोळ्या एका बटणाएवढ्या जागेत बसायच्या. त्या सीझनला काय झालं देव जाणे! सात गोळ्या नीट जायच्या आणि आठवी भलतीकडे. मी चष्मा बदलला. कॉफी सोडली. श्वास रोखायचा सराव इतका केला, की एकदा पेशंटनंच मला विचारलं, “डॉक्टर, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

निवड समितीनं पत्र पाठवलं. ‘वाढत्या वयाचा विचार करता’ अशी सुरुवात होती. खाली सही कुणाची? अध्यक्षसाहेब, पाणी पिऊ नका, इकडे बघा. तुमचीच!

खोटं कशाला बोलू, त्या पत्रानं मी खचले. शेचाळीस हे काय वय झालं? पण मनात आलं, हात खरंच गेला असेल तर? मी दुसऱ्यांच्या तोंडात धारदार हत्यारं घालते. नेम चुकणारा हात घेऊन उद्या दवाखान्यात कशी उभी राहू?

दुसऱ्या दिवशी सकाळी रायफल परत करायला गेले. मामांनी मागची खिटी, म्हणजे बोल्ट काढला, गोळी बसते ते चेंबर रिकामं असल्याची खात्री केली आणि सवयीनं एक चिंधी फिरवली. पांढरीशुभ्र निघाली.

“बघा डॉक्टर, दुधासारखी.”

“म्हणजे दोष माझाच,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

मामांना रडणारी माणसं झेपत नाहीत. ते घाईघाईनं उगाच ब्रश फिरवायला लागले आणि एकदम थांबले. पुन्हा फिरवला. “इथं जरासं अडतंय,” ते म्हणाले. “गेले कित्येक महिने अडतंय. मला वाटायचं, या नळीचा स्वभावच तसा.” मग त्यांनी घरी फोन लावला.

“अगं, माझा तो कानाचा कॅमेरा घेऊन ये.”

सारा जन्म गोळीबाराशेजारी काढलेला माणूस! कानात मळ आहे की खरंच ऐकू येत नाही हे बघायला लेकीनं त्यांना एक काडीएवढा कॅमेरा दिला होता. मोबाइलवर चित्र दिसतं.

मामी घाबरल्या. “का हो, कान दुखतोय?”

“माझा नाही. सात नंबरचा.”

पुढच्या पंधरा मिनिटांत मामी हजर! कॅमेरा नळीत गेला आणि आम्ही तिघं डोकी एकाला एक लावून मोबाइलकडे बघू लागलो. चेंबर संपतं, नळी सुरू होते, नेमकं तिथं काळं, खडबडीत, दगडासारखं कडं! मी इतक्या जोरात ओरडले, की बाहेरचा पहारेकरी धावत आला.

“मामा, हे तर कीटण! दातांवर चढतं ना, हुबेहूब तेच!”

चिंधी बिचारी त्या कड्यावरून अलगद घसरत होती आणि पांढरी बाहेर येत होती. मी लगेच पर्समधून दात खरवडायचं हत्यार काढलं. (हो, असतं माझ्या पर्समध्ये.) मामांनी माझं मनगट धरलं. “डॉक्टर, खरवडायचं नाही. दुधाचे दात पडले तर दुसरे येतात. नळीला दुसरी नळी येत नाही.”

मग काजळी सुटायचं औषध नळीत सोडायचं, ते मुरू द्यायचं, पितळी तारांचा ब्रश, मग चिंधी. मामी घड्याळ लावून बसल्या. पहिली चिंधी काळीकुट्ट. आम्ही टाळ्या वाजवल्या! दुसरी काळी, पुन्हा टाळ्या. घाण बघून इतका आनंद झालेली तीन माणसं त्या पहारेकऱ्यानं आधी पाहिली नसावीत. चिंध्या संपल्या तेव्हा मामांनी मामींच्या रुमालाकडे पाहिलं. मामींनी तो मुकाट्यानं दिला! अकराव्या फेरीनंतर कॅमेरा घातला, तर नळी आरशासारखी.

आम्ही दोघी हसत होतो. मामांनी मात्र हात धुतले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि थेट समितीच्या बैठकीत गेले. मी दारात उभी होते. ते म्हणाले, “बाईंचा दोष नाही, माझा आहे. चिंधी पांढरी आली म्हणजे नळी साफ, असं मी तीस वर्षं धरून चाललो. संघातून कुणाला काढायचं तर मला काढा.”

मंडळी, आपली चूक अशी भरसभेत सांगायला किती जण तयार होतील? अध्यक्षसाहेबांचाही मोठेपणा सांगते. त्यांनी ते पत्र तिथंच फाडलं. आता प्या पाणी.

स्पर्धेच्या दिवशी मामांनी बजावलं, “चाचणीच्या पहिल्या दहा गोळ्या मनावर घेऊ नका. धुतलेली नळी जरा बुजते.” बुजते कसली! माझ्या गोळ्या लक्ष्यावर चहूबाजूंना उधळल्या. अध्यक्षसाहेबांनी डोकं धरलं. मागे वळून पाहिलं, तर मामा आरामात शेंगदाणे खात होते. अकरावी गोळी दहात, म्हणजे अगदी मधल्या वर्तुळात. बारावी दहात. मग गुण मोजायच्या खऱ्या गोळ्या सुरू झाल्या, आणि ते सुख काय सांगू! हात माझाच होता हो! कुठंही गेला नव्हता!

आमचा संघ एका गुणानं दुसरा आला. आम्ही असे नाचलो, की पहिल्या आलेल्या संघानं पंचांना निकाल पुन्हा विचारला.

पण मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी क्लबच्या सगळ्या रायफली तपासल्या. नऊ नळ्यांत तसलंच कडं निघालं. मग ते बसले आठवत, की या रायफली चालवणारे कोण कोण ‘आता जमत नाही’ म्हणून क्लब सोडून गेले. तीन जण आठवले. तिघांच्या घरी मामा स्वतः गेले आणि दारातच म्हणाले, “तुमचा हात चांगला आहे. नळी मी नीट बघितली नव्हती.”

त्यांतले एक आपले शिंपीदादा. हात थरथरतो असं मनानं घेऊन त्यांनी कापड बेतणं सोडलं होतं. दुकानात बसून फक्त बटणं लावायचे. मामा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री हातात घेतली. आज मामांच्या अंगावर जो करडा कोट आहे ना, तो त्यांनीच बेतलाय, त्यांनीच शिवलाय. मामा, उभे राहा जरा, वळा. बघा मंडळी, खांदा कसा बसलाय! शिंपीदादा, तुम्हीही उभे राहा. लाजू नका.

अध्यक्षसाहेबांनी थट्टा गोड मानून घेतली, मामींनी घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगू दिल्या आणि तुम्ही पाचाची पंधरा मिनिटं होऊ दिलीत, सगळ्यांची मी ऋणी आहे. आनंदाच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, कुठं जीभ घसरली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि टाळ्या आत्ता नकोत. शिंपीदादा मामांना मिठी मारताहेत, ती होऊ दे आधी.