हिराबाईच्या घरातली मेढ

आम्ही मोरिवलीचे. मोरिवली बोललं की लोकांना कंपन्याच आठवतात, पण गाव आधीचं, कंपन्या नंतरच्या, असं माझे वडील येईल-जाईल त्याला ऐकवायचे, आणि स्वतः त्यातल्याच एका कंपनीत रंगाच्या खात्यात होते, घरी यायचे तेव्हा नखं कधी निळी, कधी पिवळी. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात एकच कायदा, शिकायचं. मुलगी असो मुलगा असो, शिकायचं. म्हणून मी आयटीआयला गेले, ड्राफ्ट्समन सिव्हिल, वर्गात आम्ही दोनच मुली, दुसरीचं लग्न झालं आणि ती गेली, मी राहिले. अक्षर चांगलं होतं माझं. नकाशावरचं अक्षर बघून बाहेरची माणसं विचारायची, हे कोणी काढलं?

मग नोकरी लागली उल्हासनगरला, एका सरांच्या ऑफिसात. काय सांगू तुम्हाला, अठरा वर्षं तिथं काढली मी. एकाच बिल्डिंगचे दोन नकाशे काढायचे, एक मंजुरीला द्यायचा, एक बांधायचा. मंजुरीच्या नकाशात खाली पार्किंग, बांधायच्या नकाशात तिथं गाळे. मंजुरीत जिन्याला खिडकी, बांधताना खिडकीच्या जागी संडास. मी एकदा सरांना बोलले, सर, या खोलीला हवा कुठून येणार? तर ते बोलले, सुमन, हवा काय पार्टी विकत घेते का? आणि हसले. मी पण हसले, खोटं कशाला बोलू, मी पण हसले. पण नंतर नंतर असं व्हायला लागलं की सकाळी ड्रॉइंग बोर्डासमोर, पुढे कॉम्प्युटर आला तर कॉम्प्युटरसमोर बसलं की अन्न नको व्हायचं, डबा तसाच घरी परत यायचा. डॉक्टर बोलला ॲसिडिटी. ॲसिडिटी नव्हती ती.

तेवढ्यात बदलापूरला या मॅडम भेटल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण मी मॅडमच बोलते, त्या मला सुमनताई बोलतात. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, मॅडम, मी आणि साइट बघणारे मोरे. काम सगळं गावातलं. कोणाची अंगणवाडी, कोणाचा गोठा, कोणाचं घर, कोणाची भात झोडायची शेड. पहिल्याच दिवशी मॅडम बोलल्या, सुमनताई, आपण आधी बघायचं, मग काढायचं. म्हणजे काय तर महिन्यातून दोनदा आम्ही जांभूळ गावाच्या पुढे, बारवी धरणाच्या पाठच्या पाड्यांवर जायचो आणि जुनी घरं मोजायचो. टेप, वही, पाण्याची बाटली, दुपारचा डबा. चाळीस वर्षं मी घरात राहिले पण घराकडे बघितलं नव्हतं कधी. कारवीच्या काठ्या उभ्या करून बांधतात, त्यावर शेणमाती लिंपतात, त्याला कुड बोलतात, तर त्या कुडातून एवढा वारा आत येतो की भर मे महिन्यात पंखा लागत नाय. मला शरम वाटली. मी अठरा वर्षं लोकांना बिनहवेच्या खोल्या काढून दिल्या, आणि इथं कधी शाळेत न गेलेल्या बाईला हवा कळते.

तशी एक बाई म्हणजे हिराबाई. एकटीच राहायची, मुलगा दत्तू शेजारी वेगळा. तिच्या घराच्या मधोमध ऐनाच्या लाकडाचा एक खांब, त्याला ते मेढ बोलतात, सगळं छप्पर त्या मेढीवर. चुलीच्या धुराने काळा झालेला, आणि बसलेल्या माणसाच्या पाठीएवढ्या उंचीवर असा चकचकीत, तेल लावल्यासारखा, कारण घरातलं प्रत्येक माणूस तिथंच टेकून बसायचं. हिराबाई बोलली, माझी दोन्ही बालंतपनां हिला धरून झाली. मी ती मेढ मोजली, खालच्या दगडापासून साडेनऊ फूट, वर एका बाजूला खाच, ती खाचसुद्धा मी नकाशात काढली. तो नकाशा मॅडमनी फ्रेम करून ऑफिसात लावला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझा नकाशा कोणी भिंतीवर लावला हो.

आणि तिथंच घोटाळा झाला.

एक साहेब आले, ठाण्याचे, रिटायर झालेले, जागा घेतली होती धरणाच्या बाजूला. बायको पण बरोबर. त्यांना फार्महाऊस पाहिजे होतं, पण कसं, तर गावचं फील आलं पाहिजे. हा शब्द मी आता ऐकला ना की मला शिसारी येते. गावचं फील. संडास चार पाहिजेत, एसी पाहिजे, गाडी थेट दारात पाहिजे, आणि फील गावचं. आतून पक्की भिंत, वरून मातीच्या रंगाचं प्लास्टर, त्यात गवताच्या काड्या दिसल्या पाहिजेत. बाईंनी विचारलं, शेणाने सारवल्यासारखं दिसेल पण वास नाय येणार असं काही मिळतं का? मॅडम त्यांना समजावत होत्या, खरीच मातीची भिंत करू, टिकते. ते बोलले, नको नको, वाळवी लागते. पण ऑफिसला काम पाहिजे होतं. घेतलं.

त्यांची नजर गेली भिंतीवरच्या नकाशावर. असाच खांब हॉलमध्ये पाहिजे. मॅडम बोलल्या, वखारीतून चांगलं लाकूड आणू, सुतार करील. ते बोलले, बरं. आणि दोन दिवसांनी त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरचा मला मेसेज, ताई, तो खांबवाला नकाशा टाका ना, सुताराला दाखवायचाय, आणि ते घर कुठं आहे, एकदा डोळ्याने बघून येतो. मी टाकला. लोकेशन पण टाकलं. मॅडमला विचारलं नाय. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, की माझा नकाशा कोणीतरी मागतंय.

चार-पाच महिन्यांनी मी आणि मोरे साइटवर गेलो तर टेम्पोतून एक खांब उतरत होता. मी लांबूनच ओळखला. तरी जवळ गेले, टेप लावली, साडेनऊ फूट. वर खाच. चकचकीत भाग तिथंच. कॉन्ट्रॅक्टर बोलला, अहो ताई, तुमच्यामुळे झालं, नाय तर असा माल कुठं मिळतो.

तशीच रिक्षा करून पाड्यावर गेले. घर नव्हतंच. कौलं एका बाजूला रचलेली, कुड मोडून पडलेला, कारवीच्या काठ्या सरपणासारख्या ढीग करून ठेवलेल्या. हिराबाई गोठ्यात बसली होती, म्हशीच्या बाजूला, निळं प्लास्टिक बांधून. कॉन्ट्रॅक्टरने दत्तूला सांगितलं होतं, खांब दे, बदल्यात तुझ्या आईला पक्कं घर टाकून देतो. जोतं भरलं आणि परत इकडे फिरकलाच नाय. फोन उचलत नाय. दत्तू माझ्यासमोर मान खाली घालून उभा. तो बोलला, ताई, तुमच्या ऑफिसचा कागद होता त्याच्याकडे, म्हणून मी विश्वास ठेवला.

हिराबाई मला एवढंच बोलली, बाय, तू त्या दिशी गोड बोलून सगला मोजून गेलीस, मना वाटला सरकार काय देनार हाय.

मला माझ्या हाताची किळस आली. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाय मी. उल्हासनगरला निदान मला ठाऊक तरी होतं की मी खोटं काढते. इथं मी खरं काढलं, एक एक इंच खरं, आणि त्या खऱ्यानेच बाईचं घर गेलं.

मॅडम आठवडाभर बाहेरगावी होत्या, आल्या तशा त्यांना सगळं सांगितलं, लोकेशन मी दिलं ते पण सांगितलं. त्यांनी चप्पल घातली आणि सरळ साहेबांच्या साइटवर. मी पाठोपाठ. तोपर्यंत खांब हॉलमध्ये उभा झाला होता. आणि काय केलं होतं माहीत आहे? मशीनने घासून सगळा काळा रंग काढला, आतलं लाकूड पांढरं निघालं, ते साहेबांच्या बाईंना आवडलं नाय, म्हणून वरून परत काळं पॉलिश मारलं. जुनं दिसावं म्हणून. आणि स्लॅबला तो टेकतसुद्धा नव्हता, वर बोटभर फट, ती लाकडी पट्टी मारून झाकलेली. ज्याच्या डोक्यावर अख्खं छप्पर होतं त्याच्या डोक्यावर काय नाय, नुसता शोभेला उभा. मॅडम बोलल्या, खांब परत द्या. साहेब शांत, आवाज पण चढवला नाय त्यांनी. बोलले, मी काय चोरी केली का? मुलाने राजीखुशीने दिलाय. आणि तिथं सडलाच असता, आम्ही वाचवला. बाई बोलल्या, चहा घेऊन जा ना. चहा! मी बाहेर येऊन कुंपणाला धरून उभी राहिले.

मॅडमनी काम सोडलं. सोडून काय झालं? काय नाय झालं. दुसऱ्याने पुरं केलं. ते घर आता लोक बघायला येतात, फोटो काढतात, खांबाला हात लावून.

पावसाला थोडे दिवस होते. आम्ही ऑफिस बंद ठेवलं, मॅडम, मोरे, मी आणि दत्तू, चौघं त्या अर्धवट जोत्यावर लागलो. कारवी पुरेशी नव्हती, म्हणून खाली विटा, वर बांबू. ऐन कुठून आणणार, मधे लोखंडी पाइप उभा केला. लिंपण हिराबाईने स्वतः केलं, मला हात लावू दिला नाय पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बोलली, पानी जास्त घातलास गो, कमी कर. तेवढं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दत्तू आता आईजवळच झोपतो. घर उभं आहे, गळत नाय, पण पाइप थंड लागतो म्हणून हिराबाई त्याला टेकत नाय, भिंतीला टेकून बसते.

माझी नोकरी तीच आहे. गोठे, अंगणवाड्या. अजून मोजायला जातो आम्ही, पण आता आधी विचारतो, आणि कागद घरवाल्याच्या हातात देऊन येतो, ऑफिसच्या भिंतीवर काही लावत नाय. आणि लोक अजून येतात, गावचं फील मागत. मागच्या आठवड्यात एक जोडपं आलं, त्यांना जुनं जातं पाहिजे होतं, अंगणात पायरी म्हणून ठेवायला. मी बोलले, आमच्याकडे मिळत नाय. माझं तोंड बघून ते उठून गेले. मॅडम हसल्या. मला हसू येत नाय अशा गोष्टींना आता, वीट आलाय.

दिवाळीनंतर हिराबाईकडे गेले होते. तिने पाणी दिलं, चहा टाकला. नवीन घराकडे मी बघत होते तर बोलली, मापां घेतलीस का याची? मी बोलले, नाय हो आजी, नको. तर बोलली, घे गो. या घरातला कोन काय न्यायचा नाय.

मी टेप पर्समधून काढलीच नाय. चहा प्यायले, तिच्या पायाला हात लावला, तिने पाय मागे घेतला नाय, एवढंच माझं समाधान. तुम्ही लिहा हे सगळं, माझं नाव घाला, मी लोकेशन टाकलं ते पण घाला. फक्त त्या पाड्याचं नाव लिहू नका.