वैनीनं केलेला साबुदाना

शेवट काय झाला ते वळखून दाखव, च्या माझ्याकडून. नाय येनार तुला!

आमची थोरली वैनी एकादशीला साबुदानाच खायची. मी वात्रट. तिच्या वाटीतला भिजलेला दाना बघून बोललो, "वैनी, ही तर मासलीची गाबोळी, सुकवलेली अंडी!" झालं. अर्नाल्याच्या दर्याकाठची बाई ती, मासलीची अंडी बघतच वाढलेली, तिला पटलं. पुढच्या दोन एकादशा निस्त्या पान्यावर. दुसरीला चक्कर येऊन पडली.

मी घाबरलो. "वैनी, थट्टा केली गं!"

"भावजी, तुमच्यावर कोन इस्वास ठेवनार? डोळ्यांनी बघीन, तवाच खाईन."

मिठागरावर मलबारचा एक मुकादम होता. त्याच्याकडनं वैनीनं साबुकंद आनला, साबुदाना ज्याचा होतो तो कंद, नि कसं करायचं तेपन इचारून आली. कंद सोलला, किसला, धुवून दूध काढलं. तळाला पीठ बसलं, ते ओलं असतानाच फडक्यात घालून झुलवत बसली. अरे, मोत्यासारखे दाने वळले! तव्यावर शेकले, उनात वाळवले. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पन हात बघायचे!

मग खाल्लान. पोटाला हलका नि लगेच ताकद देनारा, वाटीभर खाऊन तोंडावर रंग आला. आजाऱ्यांच्या पेजेला अख्खी आळी तिच्याकडं साबुदाना मागायला लागली.

वैनी सगळ्यांना एकच सांगायची, "कंद आना, आमचे भावजी किसून देतात."

दोन वर्सं किसत होतो, बाबा. बोटांची सालं गेली माझ्या!